अब्बांच्या ‘नाई’ची लांबी

वडसा
२३ नोव्हेंबर १९९८

अमरीन आपा,

पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग काय करायचं ते कर.

अब्बांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची एक बाजू गेली. घरी आणलं आहे, जिवाचा धोका टळला असं ब्रह्मपुरीचे डॉक्टर म्हणाले. हे सगळ्यात वर लिहिलं, कारण तुझ्या लग्नानंतर माझं पहिलंच पत्र बघून तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. तसं काही नाही. जेवतात, झोपतात, डाव्या हातानं मच्छरदाणी ओढून घेतात.

अब्बांनी सांगून ठेवलं होतं, या घरातून सिरोंच्याला कागद जाणार नाही. आता ते बोलू शकत नाहीत तेव्हा मी लिहायला बसले, हे मलाही बरं वाटत नाही. पण अम्मी म्हणाली, लिही. तिनंच शाईचा पेन आणून दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली, चाचा येतात का बघायला.

दिवाळी झाल्या झाल्या देवाजीभाऊंच्या नाटक कंपनीची तालीम सुरू झाली. तांदळाच्या रिकाम्या गोदामात, दरवर्षीसारखी. मीही तिथेच होते, राजाच्या अंगरख्याचं माप घेत होते. अब्बा आर्गनवर होते. गाणं रंगात आलं आणि त्यांनी एक सूर धरला तो सोडेचनात. सगळ्यांना वाटलं, मास्तर मुद्दाम लांबवत आहेत. तबलजी हसला, त्यानं ठेका धरून ठेवला. देवाजीभाऊ “वा मास्तर” म्हणाले. मग पायाची हालचाल थांबली, भात्यातली हवा संपली, सूर चिरकत चिरकत खाली गेला आणि अब्बा पट्ट्यांवर आडवे झाले. आपा, ‘वा’ म्हणणाऱ्यांत मीही होते.

आता त्यांना एकच शब्द येतो. नाई.

पाणी देऊ? नाई. कूस बदलायची? नाई. मी कोण आहे? नाई. आणि नाई म्हणून पाण्याचा पेला डाव्या हातानं ओढून घेतात, घटाघट पितात. आपल्या घरात अर्धी हिंदी, अर्धी झाडीची बोली. हा शब्द दोन्हीकडचा आहे, तेवढाच उरला.

तू ये असं मी म्हणत नाही. तुला कळवलं, एवढंच. अश्वजितभाऊजींना सलाम.

मदीहा


वडसा
९ डिसेंबर १९९८

अमरीन आपा,

तुझं उत्तर नाही. पहिलं पत्र पोचलं की नाही कोण जाणे, आलापल्लीच्या पुढे टपाल कसं जातं देवच जाणे. तरी लिहिते, कारण जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये. सकाळपासून शिलाईचा धागा चौथ्यांदा तुटला.

परवा कंपनीची प्रचाराची गाडी आपल्या गल्लीतून गेली. भोंग्यावर आज कोणता खेळ, तिकीट किती, आणि मधेमधे गाणं. ‘नदीपल्याड दिवा कुणाचा ग’ लागलं. मी अब्बांच्या पायाला तेल चोळत होते. आणि अब्बा गायला लागले.

गुणगुणले नाहीत. गायले. शब्दांसकट. ‘नदीपल्याड दिवा कुणाचा ग, वाऱ्याला विझेना.’ तोंड वाकडं होतं तरी शब्द सरळ येत होते. अख्खा अंतरा म्हटला. अम्मी चुलीपुढून धावत आली, हात पिठाचे. ती ओरडली, “या अल्ला, हे तं बोलून राह्यले!” गाडी वळली, भोंगा लांब गेला, गाणं संपलं. मी म्हटलं, “अब्बा, पाणी पाहिजे?”

“नाई.”

ब्रह्मपुरीला डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, तिकडे रक्त अडलं. गाणं बरंचसं उजवीकडे असतं, ते वाचलं. म्हणाले, कुठे कुठे असं करून बघतात, साधी वाक्यं चालीत बसवायची, शब्द ओढून लांबवायचे, डाव्या हातानं ठेका धरायला लावायचा. कधी कधी बोलणं परत येतं. कधी येत नाही. मोठ्या शहरात त्याची माणसं असतात. इथे कोण?

इथे मी. आता हस. तुला सूर मिळाला आणि मला मात्रा, असं अब्बाच म्हणायचे. माझा सा कधी सापडला नाही, पण हातावर ताल चुकला नाही. आणि त्यांच्या गाण्यांची स्वरलिपी मीच उतरवून द्यायची ना, अक्षर बरं म्हणून. वर स्वर, खाली शब्द. स्वर लांबवायचा तर पुढे आडवी रेघ, अक्षर लांबवायचं तर पुढे अवग्रह, ऽ. तू त्याला गळ म्हणायचीस, मासे धरायचा. मी पानभर गळ काढत बसायची आणि तू ते गाऊन दाखवायचीस. मला कागदावर दिसायचं ते तुला गळ्यात मिळायचं. एवढीच माझी विद्या.

काल मार्किंगच्या खडूनं काळ्या अस्तराच्या कापडावर लिहिलं:

पा ऽ णी ऽ । दे ऽ ऽ ऽ

आणि खाटेसमोर टांगलं. अब्बांनी बराच वेळ बघितलं. मग तोंड फिरवलं. माझ्या बेसूर आवाजाचा त्रास झाला असेल.

चाचांनी आरमोरीचं एक स्थळ आणलंय माझ्यासाठी. ते राहू दे.

मदीहा


वडसा
२७ डिसेंबर १९९८

अमरीन आपा,

तुझं पत्र आलं. एक ओळ. ‘त्यांनी माझं नाव घेतलं का?’

आधी मला राग आला. रोजा सोडायची वेळ होती, हातातला खजूर तसाच राहिला. अगं, अम्मीचं नाव घेत नाहीत ते. चाळीस वर्षं संसार केला त्या बाईला ‘नाई’ म्हणून हाक मारतात. तुझं कुठून घेतील? मग रात्रभर विचार केला. तू हे का विचारलंस ते कळतं मला. तू नाव घेतलंस, भाऊजींचं, जमातीच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून. अब्बांनी उलट तुझं नाव टाकलं. ते परत उचलल्याशिवाय तू येणार नाहीस. ठीक आहे.

खाली भाऊजींच्या अक्षरात दोन ओळी होत्या. ‘ज्या शब्दात पहिलंच अक्षर दीर्घ आहे, ते शब्द आधी घे. ह्रस्वानं सुरू होणारे मागून.’ शाळामास्तर ते शाळामास्तरच. पण आपा, तेच लागू पडलं! मी ‘उठव मले’ आणि ‘बसव मले’ घेऊन झगडत होते. उ पटकन निसटतो, ब हाती लागत नाही, त्यावर त्यांना उभं राहायलाच जागा मिळत नाही. ‘पाऽणी’, ‘चाऽय’, ‘दाऽर लाव’ घेतलं आणि चौथ्या दिवशी अब्बांचा डावा हात खाटेच्या कडेच्या पाटीवर ठेक्यात पडायला लागला. मी ‘पाऽ’ म्हटलं, ते ‘णीऽ’ म्हणाले. अम्मीनं सलग तीन पेले पाणी पाजलं त्यांना. नको नको झालं.

भाऊजींची युक्ती आहे हे मी घरात सांगितलं नाही.

आणखी एक गंमत, गंमत म्हणू की काय म्हणू. त्यांची ‘नाई’ एक नाही. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, प्रत्येकीची लांबी वेगळी आहे. शाळेत शिकवलं, शेवटची वेलांटी दीर्घ काढायची. पण अब्बांची वेलांटी कधी ह्रस्व असते, कधी दीर्घ, कधी ‘ना’च लांबतो. मी खुणा करून बघितल्या. ‘नाइ’, तुटक, म्हणजे हवं आहे. ‘नाऽऽई’ म्हणजे खरंच नको. ‘नाईऽऽ’, शेवट ओढलेला, म्हणजे कुठेतरी दुखतं. चाचा आले की हा शेवट सगळ्यात लांब येतो. मला वाटलं, किल्ली सापडली. अम्मीला शिकवलं. आठवडाभर आम्ही दोघी मोठ्या शहाण्या झालो.

काल ‘नाऽऽई’ म्हणाले म्हणून मी चादर काढून घेतली. थंडीनं कुडकुडत पडले होते, मी परत येईपर्यंत. डोळ्यांत पाणी. म्हणजे किल्ली-बिल्ली काही नाही. एकच शब्द उरलेल्या माणसानं तो किती सांभाळून ओढायचा?

म्हणून तुझ्या एका ओळीचं उत्तर असं: नाव घेतलं नाही. आणि त्यावरून काहीच ठरत नाही.

मदीहा


वडसा
१५ जानेवारी १९९९

अमरीन आपा,

ईद आली तोंडावर. शिवायला कपड्यांचा ढीग, त्यात कंपनीच्या नऊवारीचे काठ उसवलेले. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जावं सुचत नाही. हे पत्र तीन दिवस लिहिते आहे.

अब्बा आता ‘पाणी दे’, ‘दार लाव’, ‘काय झालं’ एवढं चालीत म्हणतात. हात आपटून. ‘काय झालं’ फार म्हणतात. जेवताना, पायजमा बदलताना, डोळे मिटून पडले असतानाही. काऽय झाऽलंऽऽ. मी काय सांगू, काय झालं ते.

तुला एक सांगितलं नव्हतं. ते पडले तेव्हा तालीम तुझ्याच गाण्याची होती. नदीपल्याडची. तुझ्या जागी नागपूरहून आणलेली नवी बाई गात होती, गळा चांगला आहे, पण ‘विझेना’ला श्वास पुरत नाही तिचा. अब्बांनी तिला थांबवलं, म्हणाले, “इथी जरा थांबा बाई, अक्षर पुरं होऊ द्या. आमची पोरगी...” आणि तिथेच थांबले. मग त्यांनी तो सूर आर्गनवर धरून दाखवला. पुढचं तुला लिहिलंच आहे.

हे वाचून तू स्वतःला दोष द्यायला लागशील म्हणून लिहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वर्षभर वाढलेला होता, गोळ्या घेत नव्हते. तू त्यात कुठेही नाहीस. पण ‘आमची पोरगी’ म्हणाले होते. तू विचारलंस म्हणून आठवलं. नाव नाही घेतलं, पण तेवढं घेतलं.

आरमोरीचे लोक येऊन गेले. मुलगा बरा आहे, पंपाची दुरुस्ती करतो, बोलतो कमी. मला आवडला होता, खोटं काऊन बोलू. त्याच्या आईनं विचारलं, “मोठी कुठी दिली?” मी चहा घेऊन दारात होते. चाचा म्हणाले, “मोठी नाई राह्यली.”

आपा, मी ट्रे तसाच घेऊन मागे वळले.

रात्री मी चाचांना विचारलं. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर सोपं झालं असतं. सायकलच्या दुकानातून आलेले, हात काळे, तसेच ओट्यावर बसले. म्हणाले, “मदीहा, मले दोन पोरी हायेत. एक तुह्या मागं, एक तिच्या मागं. अमरीननं बौद्धाच्या पोराशी कोर्टात लगन केलं, तिनं तिचं पाह्यलं. मी कोनाकोनाले समजावत फिरू? मी काय तिचा दुश्मन हाव का?”

नाहीत. तेच तर अवघड आहे.

मदीहा


वडसा
३ फेब्रुवारी १९९९

अमरीन आपा,

तुझं दुसरं पत्र वाचलं. ‘त्यांना विचार. ते हो म्हणाले तर येईन.’ तेही एकाच ओळीत. विचारलं. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझं काही घालत नाही.

नुसतं विचारून उपयोग नव्हता, ‘नाई’ आली असती. म्हणून वाक्य शिकवायचं ठरवलं. पण आपा, मी ‘अमरीनले येऊ दे’ एवढंच शिकवलं असतं आणि ते म्हणाले असते, तर ते कुणाचं बोलणं झालं असतं? त्यांचं की माझं? पोपट करायचा नव्हता त्यांचा. मग दोन वाक्यं घेतली. एक येऊ देण्याचं, एक न देण्याचं. दोन्ही एकाच चालीत, सुरुवात एकच, शेवट तेवढा वेगळा. चाचांना आणि अम्मीला समोर बसवलं, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको.

चाचांनी कापडाकडे बघितलं आणि म्हणाले, “पयलं आखूड, दुसरं लांब. आखूडच म्हननार ना तो. ही चलाखी हाये.”

मी म्हटलं, “नाई चाचा, मोजा.” आणि खडूनं दाखवलं.

अमरीनले येऊ । दे ऽ ऽ ऽ
अमरीनले येऊ । नो को दे ऊ

एकीकडे एक अक्षर आणि तीन अवग्रह, दुसरीकडे चार अक्षरं. जागा तेवढीच. चाचांनी बोटांवर मोजलं, परत मोजलं. मान हलवली. अम्मी म्हणाली, “मास्तरची पोरगी हाये ते.”

दुपारची वेळ, खिडकीतून ऊन खाटेवर आलेलं. मी दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, बेसूर पण तालात. आधी आठवडाभर त्यांच्याकडून दोन्ही घोटून घेतल्या होत्या, सुट्या सुट्या, कशासाठी ते न सांगता, तुझ्या नावाऐवजी चाचांच्या धाकटीचं नाव घालून. दोन्ही येत होत्या. आता तुझं नाव घातलं. म्हटलं, “अब्बा, तुमच्या मनात असंन ते म्हना. कोनतीबी. आम्ही कोनी काई म्हननार नाई.”

त्यांनी कापडाकडे बघितलं. मग अम्मीकडे. डावा हात पाटीवर आला. टक, टक.

“अमरीनले...”

आपा, नाव घेतलं. स्वच्छ. री जेवढी लांब हवी तेवढीच लांब. अम्मीनं पदर तोंडात कोंबला.

“अमरीनले येऊ...”

आणि तिथे थांबले. म्हणजे थांबले नाहीत, ‘ऊ’ धरून ठेवला. हात थांबला, आवाज चालू. चार मात्रा गेल्या, पुढच्या चार गेल्या, मी मोजायचं सोडलं. पुढे ‘दे’ होता आणि पुढे ‘नोको’ होता आणि ते दोन्हीच्या दारात उभे होते. चेहरा लाल झाला, मानेची शीर वर आली. चाचा उठून उभे राहिले, “भाई, बस, बस.” मला वाटलं परत काही होतं की काय. मग श्वास संपला. ‘ऊ’ बारीक होत गेला आणि विझला.

थोड्या वेळानं म्हणाले, “नाई.” अगदी हळू. ह्रस्व की दीर्घ, मला खरंच सांगता येत नाही.

चाचा म्हणाले, “झालं. नाई म्हटलं त्यानं.”

अम्मी म्हणाली, “ते पान्यालेबी नाई म्हनतेत.”

पण चाचांच्या आवाजात जोर नव्हता. ते खाटेच्या पायथ्याशी बसले आणि अब्बांचा पाय दाबत राहिले, बराच वेळ. दुकान उघडायला गेलेच नाहीत.

हे असं झालं. हो नाही, नाही नाही. तुला हवं ते मी आणू शकले नाही.

मदीहा


वडसा
१२ फेब्रुवारी १९९९

आपा,

घाईत लिहिते, देवाजीभाऊंचा माणूस चंद्रपूरला निघालाय, तिथून सिरोंच्याच्या गाडीत टाकेल.

आरमोरीचं स्थळ मोडलं. मीच मोडलं. मुलाची आई परत आली, निकाहची तारीख विचारायला. मी म्हटलं, “मोठी बहीन हाये. सिरोंच्याले राहते. नवरा शाळेत मास्तर हाये, बौद्ध हाये. नवऱ्याचं नाव अश्वजित.” तिनं सुपारी फोडता फोडता अडकित्ता खाली ठेवला. वाईट काही बोलली नाही. उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच. दोन दिवसांनी निरोप आला.

मला रडू आलं, शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले. ते संपलं. तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. जिवंत बहिणीला मेलेली म्हणून त्या घरात नांदायला जायचं आणि मग प्रत्येक ईदेला तोंड शिवून बसायचं, ते मला जमलं नसतं. मी बडबडी आहे.

चाचा माझ्याशी बोलत नाहीत. अम्मीशी बोलतात आणि मला ऐकू येईल असं बोलतात.

आता माझं ऐक. त्यांच्या ‘हो’ची वाट बघू नकोस. तो येईल की नाही कुणाला माहीत, आणि आला तरी मी शिकवलेला असेल. माझ्या सांगण्यावरून येणार असशील तर ये. नाहीतर नको येऊस, मी समजेन. पण एका ओळीचं पत्र आता पाठवू नकोस.

मदीहा


वडसा
९ मार्च १९९९

अमरीन आपा,

तुझी गाडी गेली आणि मी स्टँडवरच बसून राहिले, एसटीचा धूर जाईपर्यंत. घरी येऊन बघते तर अम्मीनं तू झोपलेली सतरंजी तशीच ठेवलेली. अजून उचलली नाही.

तू दोन दिवस होतीस आणि जाताना म्हणालीस, “अब्बांनी माफ केलं मला.” मी तेव्हा गप्प बसले. स्टँडवर गर्दी होती, तुझा चेहरा फुललेला होता. पण आपण एकमेकींशी खरं बोलायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते. मला तसं वाटत नाही.

पहिला दिवस आठव. तू दारात उभी राहिलीस, त्यांनी बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तू पाय दाबलेस, त्यांनी डावा पाय ओढून घेतला. उजवा ओढता आला नाही म्हणून तोच दाबत बसलीस, संध्याकाळपर्यंत. अम्मी तुला वाढत होती आणि त्यांना चुकवून रडत होती. चाचा दारावरून दोनदा गेले, आत आले नाहीत. त्यांची धाकटी मात्र आली, तुझ्या बांगड्या बघायला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा सराव घेतला. ‘दार लाव’. माझा आवाज तुला सहन होईना. तू म्हणालीस, “मदीहा, काय गाऊन राह्यली तू? थांब.” आणि तू म्हटलंस. काय आवाज लागला गं तुझा! दोन वर्षं तेलुगू शेजारणींत काढलीस, तरी तसाच. पण तू आपली रंगमंचावरचीच. ‘दा’वर थांबलीस, फिरवलास, मुरकी घेतलीस, टाळी घ्यायची असते तसा लांबवलास. साधं दार लावायचं, तू त्याची मैफल केलीस.

आणि अब्बांचा डावा हात पाटीवर आपटला.

“लांबवू नोको!”

हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. कापडावर नव्हतं, चालीत नव्हतं. अर्धं गाणं, अर्धं ओरडणं. अम्मी हातात पळी घेऊन आतून आली. तू हसायला लागलीस आणि हसता हसता त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागलीस, आणि त्यांनी डोकं ढकललं नाही. अम्मी म्हणाली, भांडण लांबवू नको असं म्हणाले. तूही तेच धरलंस.

मला वाटतं, त्यांना मात्राच म्हणायची होती. दोनाची जागा, तू सहा घेतल्यास. त्यांच्या हयातीत असं कुणी केलं आणि ते गप्प बसले, असं झालंय का? त्यांच्यातला आर्गनमास्तर जागा झाला, बाप नाही. तुला हे वाचून वाईट वाटेल. पण मला त्यात वाईट वाटत नाही. परक्या बाईला ते ‘जरा थांबा बाई’ म्हणाले होते. तुझ्यावर ओरडले.

मग तू म्हणालीस, “दीर्घ अक्षर आधी घ्यायचं, हे यांनी सांगितलं होतं, अश्वजितनं.” मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. अब्बा ऐकून काहीच बोलले नाहीत. नाईसुद्धा म्हणाले नाहीत. छताकडे बघत पडले. तुला ती शांतता चांगली वाटली, मला भीती वाटली. अजून वाटते. भाऊजींना इतक्यात आणू नकोस. मी सांगेन तेव्हा आण.

चाचा काल आले. अम्मीला म्हणाले, “गाडी कितीची होती तिची?” अम्मीनं सांगितलं. “लांब हाये सिरोंचा,” म्हणाले, आणि गेले. एवढंच.

देवाजीभाऊंनी विचारलंय, पुढच्या हंगामात आर्गनवर मी बसते का. मी म्हटलं, मला सूर नाही. ते म्हणाले, सूर आर्गनमध्ये असतो, तू फक्त दाब. मी अजून काही सांगितलं नाही. गोदामात जाऊन एकदा बसून मात्र आले. पायानं भाता भरला, पट्टी दाबली नाही.

आता हे पत्र ज्यासाठी आज लगेच लिहायला घेतलं ते.

आज सकाळी मी अब्बांची दाढी करून देत होते. साबण लावलेला, वस्तरा गालावर. मी गप्प होते, तेही गप्प. ठेका नाही, कापड समोर टांगलेलं नाही, धुवायला काढलं होतं. ते खिडकीकडे बघत होते. आणि बोलले. गायले नाहीत, आपा. आपण बोलतो तसं, कोरडं, घाईचं, बाप विचारतो तसं.

“पोचली?”

माझा हात थांबला. मी म्हटलं, “कोन अब्बा?”

त्यांना राग आला. साबणासकट मान फिरवली. परत म्हणाले, “पोचली का?”

मी म्हटलं, “अजून पत्र नाई आलं. विचारतो.”

म्हणून विचारते. नीट पोचलीस का? कार्ड टाक, दोनच ओळी चालतील. माझ्या नावानं नको. त्यांच्या नावानं टाक.

मदीहा